उंचीचा स्तंभ

आमच्या गावात केळीच्या बागेचा सौदा अडला की आबांना बोलावणं यायचं. आबा म्हणजे माझे वडील, पण गावातले त्यांच्याहून मोठे लोकही त्यांना आबाच म्हणत. व्यापारी म्हणायचा, घड अठरा किलोचा भरेल. मालक म्हणायचा, बावीस. दोघं बांधावर उभे राहून एकमेकांच्या घराण्याचा उद्धार करायला लागले की कुणीतरी आमच्या ओट्याशी येऊन चपला वाजवायचं. आबा बागेत दोन-चार सऱ्या हिंडायचे, मान वर करून बघायचे आणि एक आकडा बोलायचे. तो आकडा दोन्ही बाजूंनी मुकाट मान्य करायचा, अशी रीत होती. गाव त्याला 'आबांची नजर' म्हणायचं.

मी त्या नजरेवर जळायचे, हे आताच सांगून टाकते. मी जळगावच्या एका कॉलेजात सांख्यिकी शिकवत होते. फळाभर आकडे लिहूनही माझा एकही आकडा वर्गात कुणी मुकाट मान्य केला नव्हता. आणि इकडे सातवी शिकलेला माणूस नुसती मान वर करून पंचवीस वर्षं निकाल देत होता. म्हणून एम. फिल.ला विषय निवडायची वेळ आली तेव्हा मी ठरवलं, झाडाची मापं घेऊन घडाचं वजन आधीच सांगायचं. सरांना मी त्यात फार मोठं विज्ञान असल्याचं पटवलं. खरं तर विज्ञान थोडं आणि खोडी जास्त होती. मला आबांची नजर समीकरणात पकडून दाखवायची होती.

नव्वदच्या दशकाची सुरुवात होती ती. इथे कुणाचीच नावं घालणार नाही, कारण एका पैजेत मी शब्द दिलेला आहे. ती पैज पुढे येईलच.

मापं आबांनीच घ्यायची ठरली. एकशे वीस झाडं, प्रत्येकाच्या सहा गोष्टी: खोडाचा घेर, उंची, पानं, फण्या, एकूण केळी, आणि लागवडीपासून निसवायला, म्हणजे घड बाहेर पडायला, लागलेले दिवस. सातवं घडाचं वजन, ते कापणीच्या वेळी काट्यावर. मी कोरी वही आणि कापडी टेप घेऊन गेले. आबांनी टेप हातात घेतली, चुरगाळून पाहिली आणि परत दिली.

"हे आकडे मुंगीनं काढले का व? आपलं बोटानं मोजू. चोवीस बोटं म्हंजे एक हात. सुतळीले गाठी मारतो."

मी सुतळीला हरकत घेतली नाही. एकक कुठलंही चालतं, मोजणारा एकच असला म्हणजे झालं, हे मी वर्गातही शिकवायचे. हंगाम संपल्यावर वही आली ती आईच्या गोल, टपोऱ्या अक्षरात. आबा म्हणाले, "माह्यं अक्षर तुह्या मशिनीले समजनार नाही." हे मला लगेच पटलं, कारण आबांचं अक्षर पाहून एकदा तलाठ्यानं त्यांना सही कुठली आणि अर्ज कुठला असं विचारलं होतं.

मशीन धुळ्याला होतं. माझे सर तिथल्या एका कॉलेजात होते आणि त्यांच्याकडे संगणक आणि त्यावर सांख्यिकीचं पॅकेज आलेलं होतं. दर शनिवारी मी जळगावातल्या मेहरूणमधून, माझ्या खोलीवरून, निघायचे आणि एसटीनं पारोळ्यामार्गे धुळं गाठायचे. फ्लॉपीला धूळ चालत नाही असं सरांनी बजावलं होतं, म्हणून मी ती स्टीलच्या डब्यात नेत असे. एका शनिवारी घाईत तो डबा आणि भरिताचा डबा यांची अदलाबदल झाली. फ्लॉपीचा डबा पारोळ्याच्या स्टँडवर उघडला गेला आणि वांग्याचं भरीत संगणकाच्या खोलीपर्यंत पोचलं. ते शिपाईदादांना फार आवडलं.

या शिपाईदादांचं काम म्हणजे कुणालाही चपला घालून संगणकाच्या खोलीत जाऊ न देणं. "बठ्ठासले सांगस, चपला बाहेर. आत थंडगार शे ताई, शाल ली जा," असं ते मला, खरं तर सगळ्यांनाच, दर वेळी अहिराणीत सांगायचे. देवळात नसेल एवढं सोवळं त्या खोलीत होतं. मशीनला पिवळ्या कापडाचा झगा होता, झगा काढायची एक पद्धत होती आणि घालायची दुसरी.

आता त्या पॅकेजातल्या फंक्शनांविषयी. मॅट्रिक्स म्हणजे आडव्या-उभ्या ओळींत मांडलेले आकडे, एवढं तर मला येत होतं. माझी वही हीच मुळी एक मॅट्रिक्स होती: एकशे वीस ओळी, सहा स्तंभ. अशा मॅट्रिक्सची फोड करून देणारी फंक्शनं पॅकेजात होती. एलयू, क्यूआर, एसव्हीडी, अशी नावं, एसटीच्या पाटीवरच्या नंबरांसारखी. सर म्हणाले, तुमच्या कामाला क्यूआर घ्या. पुस्तक म्हणून त्यांनी झेरॉक्सचा एक गठ्ठा दिला. त्यात पान एकशे बारानंतर थेट एकशे पंधरा होतं. मधलं सर नंतर शोधून देणार होते.

क्यूआरनं पहिल्याच दिवशी माझी फजिती केली. पुस्तकातल्या गणितात फोड केल्यावर एका भागात खालचा त्रिकोण सगळा शून्यांचा असतो. पडद्यावर मात्र तिथे भलतेच आकडे! मी सरांशी तासभर भांडले की पॅकेज बिघडलेलं आहे. सर शांतपणे म्हणाले, शून्यं साठवून काय करायचं, म्हणून ते मोकळ्या जागेत दुसरं सामान ठेवतं. मला लगेच आईचं फडताळ आठवलं. तिथे चहाच्या डब्यात मोहरी असते आणि साखरेच्या डब्यात सुया-दोरा, आणि आईला विचारल्याशिवाय कुणी डबा उघडला तर तो उघडणाऱ्याचा मूर्खपणा असतो.

एवढं समजल्यावर मला वाटलं, आता सगळंच समजलं. मी प्रत्येक स्तंभातून त्याची सरासरी वजा केली, फंक्शन चालवलं, आणि वजनाच्या समीकरणाचे सहा आकडे छापून घेतले. प्रिंटरनं ते किर्र किर्र करत एका ओळीत छापले. नावं छापायची पद्धत त्या पॅकेजात नव्हती. मी वहीतल्या क्रमानं एकेका आकड्यावर पेन्सिलीनं नाव लिहिलं: घेर, उंची, पानं, फण्या, केळी, दिवस. शेवटचा आकडा चक्क शून्य होता आणि केळ्यांच्या आकड्याआधी वजाचं चिन्ह होतं. म्हणजे केळी जितकी जास्त तितका घड हलका! मी चकित झाले, आणि मग मला फारच आनंद झाला. असं काही नवीन निघाल्याशिवाय एम. फिल.ला मजा नाही.

दुसऱ्या दिवशी रविवारी मी थेट गाव गाठलं. ओट्यावर आबा आणि त्यांची चार-पाच माणसं बसली होती. मी कागद फडकावून निष्कर्ष जाहीर केला.

आबा इतके हसले की त्यांना ठसका लागला. "जास्त केये अन् कमी वजन? असं असतं तं व्यापारी नुसते दांडेच घेऊन गेले असते व माय! तुह्या मशिनीले म्हनावं, एकदा शेतात ये."

मला राग आला. माझा राग नाकावर असतो, हे जगजाहीर आहे. मी म्हटलं, मशीनला बाजू नसते, ते जे आहे ते सांगतं. आबा म्हणाले, लावतं का पैज? चारचौघांसमोर पैज लागली. हरेल त्यानं जिंकणाऱ्याची एक गोष्ट ऐकायची, निमूट. मी उठता उठता असंही म्हटलं की तुमच्या नजरेचे दिवस आता भरले. ते बोलायला नको होतं. आबा हसायचे थांबले आणि उगाच धोतराचा सोगा झटकायला लागले. त्या वर्षी त्यांना दोन बोलावणी आली होती आणि दोन्ही वेळा ते गुडघे दुखतात म्हणून गेले नव्हते, हे आईनं मला स्वयंपाकघरात सांगितलं. मी चहा पीत होते. मी फक्त हं म्हटलं.

पुढच्या शनिवारी, प्रिंटर एवढा हादरूनही त्याचं टेबल डुगडुगत कसं नाही म्हणून मी सहज खाली वाकून पाहिलं. आखूड पायाखाली एक कागद चार घड्या घालून सरकवलेला होता. ती पानं होती एकशे तेरा आणि एकशे चौदा. शिपाईदादा म्हणाले, "टेबल हालत व्हतं ताई, गठ्ठाना सगळ्यात वरे तेच कागद व्हतात."

मी ती पानं उभ्याउभ्याच वाचली. क्यूआर स्तंभांना एकेक करून बोलावतं. पहिला जे सांगेल ते ऐकून घेतं. दुसऱ्याच्या सांगण्यातून पहिल्यानं सांगितलेलं वजा करतं आणि जे नवीन उरेल तेवढंच धरतं. तिसऱ्यातून पहिल्या दोघांचं वजा. असं करता करता एखाद्या स्तंभाकडे नवीन काहीच उरलं नाही, तर त्याला उचलून पंगतीच्या शेवटी बसवतं, आणि बाकीचे एकेक पाट पुढे सरकतात. कोण कुठे बसला ते एका वेगळ्या यादीत लिहून ठेवतं. ती यादी मी बघितलीच नव्हती.

आता बघितली. एक, तीन, चार, पाच, सहा, दोन. दुसरा स्तंभ शेवटी गेला होता. मी पानांच्या आकड्याला उंची म्हटलं होतं, फण्यांच्या आकड्याला पानं, आणि ते वजाचं चिन्ह होतं दिवसांचं. उशिरा निसवलेल्या झाडाचा घड हलका, हे आमच्या गावात पाळण्यातल्या पोरालाही माहीत आहे. पंगत सरकली होती आणि मी जुन्याच पाटांवर नावं पुकारत होते. थोडक्यात, पैज मी हरले होते.

पण ते वाईट वाटून घ्यायला मला वेळच मिळाला नाही. यादीच्या शेजारी रँक छापलेली होती: पाच. स्तंभ सहा, आणि खरी माहिती पाच स्तंभांचीच. मग उंचीकडे नवीन काहीच का नव्हतं? मी वही काढली. घेर पस्तीस बोटं, उंची चौऱ्याण्णव. घेर तेहेतीस, उंची नव्वद. घेर छत्तीस, उंची शहाण्णव. घेराची दुप्पट, वर एक हात. एकशे वीसही झाडांना, एका बोटाचाही फरक नाही. झाडं अशी वागत नाहीत. सख्ख्या भावंडांतसुद्धा एक जाडा बुटका निघतो आणि एक काडीपैलवान.

आबांनी उंची मोजलीच नव्हती. आकडे घरी बसून बनवले होते. ज्यांच्या एका आकड्यावर गाव भांडण मिटवतं, त्यांनी माझ्या एम. फिल.ला बनवलेले आकडे दिले! परतीच्या गाडीत मी पारोळा येईपर्यंत मनातल्या मनात आबांना काय काय सुनावलं ते लिहिण्यासारखं नाही. घरी न थांबता मी तशीच दुसरी गाडी धरून गावी गेले.

आबा परसात होते. परसात केळीची तीन झाडं होती, त्यातलं एक सावलीत वाढून बारीक आणि उंचच उंच झालेलं. मी कोपऱ्यातली काठी त्यांच्या हातात दिली आणि म्हटलं, "आबा, याची उंची सांगा."

त्यांनी काठी घेतली. मान वर केली. पण त्याच्या आधी त्यांचा डावा हात खोडाभोवती गेला आणि बोटं हळूच एकापुढे एक सरकली. मी ते पाहिलं. ऊन समोरून येत होतं आणि आबांचे डोळे पाण्यानं भरले होते.

"अठ्ठ्याऐंशी," आबा म्हणाले.

ते झाड एकशे वीस बोटांच्या खाली नव्हतं. आंधळ्यालाही दिसलं असतं, असं मी म्हणणार होते. शब्द अगदी ओठांवर आले होते, आणि तिथेच मला कळलं. पारोळ्यापासून जपून आणलेला माझा सगळा राग कुठे गेला मला ठाऊक नाही. मला रडू आलं आणि मी ते लपवलं नाही.

आई मागच्या दारात उभी होती. "मी सांगनार होती बाई. पन त्यायनं माले शपथ घातली," ती म्हणाली.

दोन वर्षं झाली होती. आबांच्या दोन्ही डोळ्यांत मोतीबिंदू होता. घेर सुतळीच्या गाठींनी कळायचा. पानं, फण्या, केळी हातानं चाचपून मोजता यायची. वजन काट्यावरचा माणूस ओरडून सांगायचा. उंचीला मात्र काठी उभी करून वर बघावं लागतं. "वर पाह्यलं का नुसता पांढरा उजेड. दूध सांडल्यावानी," आबा म्हणाले. "मंग जुना हिशोब लावला. दुप्पट अन् वर एक हात. माह्या बापाचा आहे तो. बराबरच असते तो बहुतेक."

आम्ही तिघं परसातच बसलो. काही वेळानं आबांनी विचारलं, "पन मशिनीनं कसं ओयखलं? तिनं तं झाड पाह्यलंच नाही."

मी त्यांना पंगतीची गोष्ट सांगितली. उंची येऊन बसली खरी, पण जे सांगत होती ते सगळं घेरानं आधीच सांगून झालं होतं, म्हणून तिला शेवटी बसवलं. आबा लक्ष देऊन ऐकत होते. त्यांना ते फार आवडलं. "हुशार आहे व बयी," ते मशीनला उद्देशून म्हणाले.

मग मी पैज हरल्याचंही सांगितलं, लपवून काय करता. ते ऐकून आबांची कळी थोडी खुलली आणि मग लगेच त्यांनी माझा हात धरला. "मंग माही एक गोष्ट ऐक. हे कोनाले सांगू नको. नजर गेली म्हंजे बोलावनं गेलं, अन् बोलावनं गेलं म्हंजे मंग मी ओट्यावर बसून काय करू?"

मी शब्द दिला. दुसरं करणार काय, हरले होते. पण मी म्हटलं, "गावाला नाही सांगणार. पण मशीनला माहीत आहे, आता सरांना कळेल. उंचीचा स्तंभ मी काढून टाकते. पाचावर काम भागतं."

"काढून टाकते?" आबा एकदम ताठ झाले. "केयीवर पुस्तक लिवतं अन् त्याच्यात उंची नाही? लोक काय म्हनतीन, कोन्या आंधयानं मापं घेतली?"

आईनं पदर तोंडाला लावला. मला वाटलं ती रडते आहे, पण ती हसत होती, आणि मग आबाही हसायला लागले. हसू ओसरल्यावर त्यांनी सुतळी खिशातून काढली, तिच्या गाठींवरून अंगठा फिरवला आणि जरा वेळानं, जणू बी-बियाण्याचं विचारावं तसं विचारलं, "ते डोयाचं जळगावात कुठं करतात?"

मी सरांकडून वर्षाची मुदत मागून घेतली. कारण विचारलं तेव्हा म्हटलं, एक स्तंभ पुन्हा मोजायचा आहे. गावात आबांनी सांगितलं की लेकीचं मशीन पाहायला जातो. आठ दिवस माझ्याकडे मेहरूणला डोळ्यावर हिरवी पट्टी बांधून ते बसून होते, आणि शेजाऱ्यांच्या रेडिओवरच्या बाजारभावांना उत्तरं देत होते. पुढे दुसराही डोळा झाला. जाड भिंगांचा चष्मा आला. त्यातून सगळं मोठं दिसायचं, त्यामुळे पहिला महिनाभर प्रत्येक घड त्यांना बावीस किलोचाच वाटे. त्या महिन्यात ज्या मालकांचे सौदे अडले ते नशीबवान. व्यापाऱ्यांनी पहिल्यांदाच आबांच्या आकड्यावर कुरकुर केली, आणि आबांनी चष्मा पुसून दोन किलो कमी केले.

पुढच्या हंगामात त्याच बुंध्यांना फुटलेल्या पिलांची बाग उभी होती. आबांनी पुन्हा एकशे वीस झाडं मोजली, सगळं पहिल्यापासून. वही पोस्टानं आली. उघडली तर आत आईचं टपोरं अक्षर नव्हतं. रांगोळीवरून कोंबडी गेल्यासारखं ते अक्षर होतं आणि मी ते बघतच राहिले.

धुळ्याला जाऊन आकडे भरले. रँक सहा. यादी एक, दोन, तीन, चार, पाच, सहा, जो तो आपापल्या पाटावर. मी इतक्या मोठ्यानं ओरडले की शिपाईदादा चपला घालून आत आले.

एकच अडचण झाली. आबांनी वहीत मी न सांगितलेला आणखी एक स्तंभ आखला होता आणि त्यावर 'रंग' असं लिहिलं होतं. पानांचा रंग, प्रत्येक झाडाचा. पोपटी. गडद. पोपटी, कडेला पिवळा. मी तो भरून पाहिला तेव्हा पॅकेजनं साफ नकार दिला, कारण त्याला फक्त आकडे चालतात. मग मी तो प्रबंधाच्या शेवटी परिशिष्ट म्हणून टाइप करून लावला, एकशे वीसच्या एकशे वीस ओळी. सर म्हणाले, याचा समीकरणाला काही उपयोग नाही, काढून टाका. मी म्हटलं, सर, हा काढणार नाही.

शेवटच्या झाडापुढे आबांनी लिहिलं होतं: भलतंच हिरवं.